बंगलोरहून आलेलं साउंड कार्ड

परदेशीपुरा, इंदूर
मंगळवार, ६ मार्च २००१

प्रिय संहिता,

आधी एक दुरुस्ती. वीस जानेवारीच्या पत्रात मी तुला लिहिलं होतं की तू कुरिअरनं पाठवलेलं साउंड कार्ड वाटेत खराब झालं, बसवून पाहिलं पण आवाज आला नाही. हे खरं नव्हतं. कार्ड व्यवस्थित पोचलं. ज्या गुलाबी फोममध्ये तू ते गुंडाळलं होतंस, त्याचा कोपरासुद्धा दबलेला नव्हता. चौदा तारखेला, संक्रांतीच्या दुपारी, मी ते बसवलं आणि पहिल्याच वेळी ते वाजलं. त्याच पत्रात मी असंही लिहिलं होतं की म्हणून मी इथलंच नवं कार्ड लावलं आणि अण्णांना ते आवडलं. लावलं, एवढं खरं आहे. आवडल्याचं मी माझ्या मनानं लिहिलं.

त्यावर तुझं उत्तर आलं, "जाऊ दे गं, दुसरं शोधते." तू रागावली असतीस तर मला बरं वाटलं असतं. तुला ठाऊक आहे मी कशी आहे ते. कॉम्प्युटर क्लासमध्ये हजेरी घेताना एखादी मुलगी हळू आवाजात 'यस सर' म्हणाली (अजूनही सवयीनं 'सर'च म्हणतात), तर मी तिचं नाव पुन्हा घेते, आणि घरी गेल्यावर तरी शंका येतेच की मी चुकून गैरहजेरी तर नाही ना लावली. अशी मी, तुला सहा ओळींचं खोटं लिहिते आणि पाकिटावर पिनकोड दोनदा तपासते. आता मल्हारगंजच्या क्लासमध्ये बसले आहे. दोनची बॅच सुटली, चारची यायची आहे. खाली जलेबीवाल्यानं कढई चढवली आहे आणि खिडकी बंद केली तरी वास येतोच. चारच्या आत मला सगळं लिहून काढायचं आहे. तुला यातलं अर्धं माहीत आहे, पण मला ते पहिल्यापासून, क्रमानं मांडायचं आहे. मध्येच सुरुवात केली की मी स्वतःला सांभाळून घेते, हे माझ्या लक्षात आलं आहे.

नोव्हेंबरात तुझे आईबाबा घर आवरून तुझ्याकडे निघाले, तेव्हा तुझ्या आईनं अण्णांना विचारलं, "मालोजी, तुम्हाला घरातलं काय हवं ते सांगा." इतक्या वर्षांच्या नोकरीत अण्णांनी तुमच्या घरून कधी काही मागितलं नव्हतं. त्या दिवशी त्यांनी बोट दाखवलं ते माळ्यावरच्या जुन्या कॉम्प्युटरकडे. तुझी आई म्हणे हसायलाच लागली. "अहो, त्यात आता काय राहिलंय? तुमच्या पद्मजाच्या क्लासात याहून बरे असतील." अण्णा बोट तसंच धरून उभे. रामबागेपासून परदेशीपुऱ्यापर्यंत ते धूड हातठेल्यावरून आलं. मॉनिटर अण्णांनी मांडीवर घेतला होता आणि प्रत्येक गड्ड्यापाशी ते ठेलेवाल्यावर ओरडत होते, "आहिस्ता भिया, आहिस्ता! काँच है!" गल्लीतल्या बायका आईला विचारायला लागल्या, "शशिकलाबाई, नवा टीव्ही? मुलीचं ठरलं की काय?" आई तीन दिवस नुसती नाही-नाही म्हणत होती.

मी तो उघडला. आतली बॅटरी फुटून तिचं पाणी साउंड कार्डावर गेलं होतं, कार्ड हिरवं पडलं होतं. बाकी सगळं चालत होतं. तुझा तो खाणवाल्याचा खेळ तसाच होता, तुझ्या नावाच्या फोल्डरमध्ये. खाणवाला आपली गाडी घेऊन बोगद्याच्या तोंडाशी उभा होता, पण इंजिनाचा आवाज नाही. अण्णा स्टूल घेऊन समोर बसले, दोन मिनिटं बघितलं, आणि मला म्हणाले, "मुका आहे." मग उठून गेले. तेव्हा मी ठरवलं की याला आवाज मी मिळवून देईन. मी. हा शब्द तिथेच होता, हे मला नंतर कळलं.

ब्याण्णवच्या सुरुवातीला अण्णा तुमच्याकडे कामाला लागले, मिलचा भोंगा बंद होऊन महिनाही झाला नव्हता. सव्वीस वर्षं ते साचाखात्यात होते. लूमला ते अजून साचाच म्हणतात. शेवटची अकरा वर्षं जॉबर. म्हणजे चाळीस साचे त्यांच्या हाताखाली, आणि त्यातला कोणता आता बिघडणार आहे हे बिघडायच्या आधी सांगायचं, हे त्यांचं काम. त्या खात्यात दोन माणसं कानाला तोंड लावूनसुद्धा बोलू शकत नसत, म्हणून सगळे हातानं बोलत. तर्जनी कपाळाला लावली की मास्तर येतोय. मूठ उघडून मिटली की धागा तुटला. तळहात उताणा करून हलवला की साचा लंगडतोय, थांबव. त्या आवाजानं त्यांचे कान गेले, पण सगळे नाही. बारीक, वरचे आवाज गेले. दाराची घंटी, कुकरची शिट्टी, माझा आवाज. जाड, खालचे आवाज राहिले. तुमच्या घरी आले तेव्हा बागेला पाणी घालायचं, गेटवर बसायचं, आणि कोणी घंटी वाजवली तर ती त्यांना ऐकू यायची नाही. तुझे बाबा कंटाळून शेवटी म्हणाले, "मालोजी, तुम्ही गेटकडे बघत बसा, ऐकत बसू नका."

तुझ्या मामांनी अमेरिकेहून कॉम्प्युटर आणला तो त्र्याण्णवचा उन्हाळा. त्यांनी तो बाबांच्या मोठ्या स्पीकरना जोडून दिला होता. तू खाणवाला लावलास आणि त्याचं इंजिन सुरू झालं, डग्-डग्, डग्-डग्. अण्णा बाहेर मोगऱ्याला पाणी घालत होते. ते पाइप तसाच टाकून चपला काढून आत आले आणि स्पीकरच्या लाकडावर हात ठेवून उभे राहिले. मी दारात होते, इंग्लिशच्या गाइडमध्ये बोट घालून. अण्णा हसले. मिल बंद झाल्यापासून मी त्यांना हसताना पाहिलं नव्हतं, आणि ते हसले ते तुझ्याकडे बघून. "अरे, हे तर आपलं खातं आहे," म्हणाले. मग रोज दुपारी ते तुझ्यामागे उभे. इंजिन तापायच्या आधी त्याचा आवाज किंचित बदलायचा, आठवतं? आपल्याला कधीच कळला नाही. पडद्यावर लाल दिवा लागला की कळायचं, तोवर गाडी बंद पडलेली असायची. अण्णा दिव्याच्या आधी तुझ्या खांद्याजवळ तळहात उताणा करून हलवायचे. तू थांबायचीस. पुढच्या बोगद्यात तू पोचलीस ती त्यांच्या कानांच्या जोरावर.

महिन्याभरात तू त्यांची सगळी हातभाषा शिकलीस. जेवणाच्या टेबलावरून तू त्यांना कपाळाला बोट लावून दाखवायचीस की बाबा येताहेत, आणि दोघं चोरासारखे हसायचात. मला त्यातलं एक अक्षर येत नव्हतं. येत नव्हतं असं नाही, मी शिकले नव्हते. लहानपणी अण्णा बाजारात हातवारे करायला लागले की मी त्यांचा हात धरून खाली ओढायची. आमच्या घरात शाळेची पायरी चढलेली मी पहिली. आई अंगठा लावते, अण्णा सही गिरवतात. मला सगळ्यांनी सांगितलं होतं की नीट बोल, स्पष्ट बोल, इंग्लिश बोल. मी ते सगळं केलं. मी बी.एस्सी. झाले, डिप्लोमा केला, आता चाळीस मुलींना कॉम्प्युटर शिकवते. आणि ज्या एका माणसाला मला हे सगळं ऐकवायचं होतं, त्याला माझा आवाज ऐकूच येत नाही. तू खेळता खेळता त्यांची भाषा उचललीस, तुला तिची काही गरज नसताना. संहिता, मला हा राग तुझ्यावर आठ वर्षं आहे. तुझ्या घरावर नाही, तुझ्या कॉलेजवर नाही, बंगलोरच्या नोकरीवर तर मुळीच नाही. लोकांना वाटतं मला त्याचा हेवा वाटत असेल. मला तुझ्या खांद्याजवळच्या त्या हाताचा हेवा वाटतो.

असो. कार्ड. डिसेंबरभर मी ते शोधत होते. एक वही केली होती, तिच्यात डावीकडे कार्डाचं नाव, उजवीकडे ते जुन्या खेळांना आवाज देईल की नाही. इथल्या दुकानदारांना हा प्रश्नच कळत नाही. त्यांच्या दृष्टीनं कार्ड म्हणजे कार्ड, गाणं वाजलं म्हणजे झालं. मला हवं होतं ते जुन्या धर्तीचं, ज्याच्यावर सूर तयार करणारी वेगळी चिप असते. आपल्या खेळातलं इंजिन त्या चिपमधूनच वाजतं. नव्या स्वस्त कार्डात ती नसते. त्यात खेळातले वरचे आवाज तेवढे येतात, खाणीतली घंटी, हिऱ्यांची किणकिण, आणि इंजिन गायब. हे मला दहा दुकानं फिरून आणि सायबर कॅफेत बसून कळलं. इथेच खाली नीरज भियाचं दुकान आहे, जुन्या पार्ट्सचं. त्याच्याकडे मी इतक्या वेळा गेले की मला बघितलं की तो नोकराला म्हणायचा, "आ गईं, गूंगे कॉम्प्युटर वाली दीदी." शेवटी त्यानं एक नवं कार्ड काउंटरवर ठेवलं. "ये ले जाओ दीदी, डिब्बाबंद है, गारंटी है. पुरानी आवाज अब कौन सुनता है?" मी म्हटलं, माझे वडील. तो म्हणाला, "तो फिर उनके लिए तो नया लो, पापा के लिए कोई पुराना लेता है क्या?" ते नवं कार्ड मी घेतलं. त्यात चिप आहे की नाही याची मला खात्री नव्हती, डब्यावर तर सगळंच लिहिलेलं असतं. जानेवारीची दहा तारीख होती.

घरी आले तर आई म्हणाली, तुझे अण्णा संहिताला फोन करून आले. मला आधी समजेचना. अण्णा आणि फोन? मग आईनं चाळीच्या तोंडाशी असलेल्या पीसीओत काय झालं ते सांगितलं. तुझा नंबर लिहिलेला कागद त्यांनी पीसीओवाल्याला दिला, रिसीव्हर हातात घेतला, आणि पलीकडे कोणी उचललं की नाही हे न बघता (ऐकू येतंय कुठे?) बाहेरच्या पानटपरीपर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "संहिता! मालोजी बोलतोय! खाणवाला मुका झालाय! पाठव!" आणि ठेवला. पीसीओवाला सांगत होता, "अंकल, सामनेवाली तो हॅलो-हॅलो करती रह गई." आई हसत हसत सांगत होती. मी हातातल्या पिशवीत नीरज भियाचा डबा धरून उभी होते. महिनाभर मी त्यांच्यासमोर ती वही घेऊन बसत होते, आणि ते तुला फोन करून आले. मला त्यांनी विचारलंसुद्धा नव्हतं.

तुझं कार्ड तीन दिवसांत येऊन पोचलं. तुझ्या ऑफिसातल्या कोणाच्या तरी जुन्या मशीनमधलं, अगदी बरोबर त्याच धर्तीचं. तुला वही करावी लागली नाही. तुझ्या चिठ्ठीत होतं, "पद्मा, याला पाच नंबर दे, सातवर बहुतेक प्रिंटर असतो, दोघं भांडतील." एका नंबरावर दोन यंत्रं चालत नाहीत, मला ते माहीत होतं. ते माझ्या वहीत बाराव्या पानावर लिहिलेलं होतं. तरी मी पाच नंबर दिला, स्क्रू आवळला, आणि शेजारच्यांकडून आणलेले डेकचे स्पीकर जोडले. आईनं तिळगुळाचं ताट तिथेच स्टुलावर ठेवलं होतं. इंजिन सुरू झालं. आमची खोली एवढीशी, पत्र्याचा डबासुद्धा थरथरायला लागला. अण्णांनी स्पीकरवर हात ठेवला, मान तिरकी केली, डोळे मिटले. थोड्या वेळानं त्यांनी डोळे न उघडताच तळहात उताणा करून हलवला. मी खेळत होते. तुझ्या जागेवर मी होते, खांद्याजवळचा तो हात माझ्यासाठी होता. मी गाडी थांबवली नाही. मला वाटलं, बघू तरी. लाल दिवा लागला, गाडी बंद पडली. अण्णांनी डोळे उघडले आणि खूश होऊन आईकडे वळले. "पाहिलंस? कान शाबूत आहे. संहितानं बरोब्बर धाडलं. तिला समजतं." मग माझ्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, "तूही शिक हळूहळू."

हे वाईट हेतूनं म्हटलेलं नव्हतं हे मला त्याच क्षणी कळत होतं. कळूनही काही उपयोग झाला नाही. सोमवारी ते बाहेर गेल्यावर मी तुझं कार्ड काढलं, नीरज भियाचं बसवलं, आणि तुझं फोममध्ये गुंडाळून क्लासच्या ड्रॉवरमध्ये आणून ठेवलं. मी मनाशी काय म्हटलं तेही लिहिते. म्हटलं, हे नवं आहे, गारंटीचं आहे, मी निवडलेलं आहे, दोन्ही तपासून बघायला हवीत. अगदी शास्त्रीय. चालू केलं तर घंटी वाजली, हिरे किणकिणले, आणि इंजिन नव्हतं. म्हणजे माझी निवड चुकली होती. लगेच तुझं परत लावायचं होतं. मी मशीन बंद केलं आणि पोळ्या लाटायला गेले. पाच दिवसांनी तुला ते पत्र लिहिलं.

रविवारी, अठ्ठावीस तारखेला, अण्णा अच्युतकाकांना घेऊन आले. अच्युतकाका म्हणजे यांच्याच खात्यातले, शेजारच्या रांगेचे जॉबर, आता पाटणीपुऱ्यात मुलाच्या दुकानावर बसतात. अण्णांनी त्यांना रस्ताभर सांगत आणलं होतं की घरी साचा ऐकवतो चल. मधल्या दोन आठवड्यांत अण्णांनी मशीन लावलं नव्हतं, मी काही ना काही कारण सांगत होते. त्या दिवशी कारण सुचलं नाही. मी खेळ लावला. अण्णांनी स्पीकरवर हात ठेवला. मान तिरकी केली. काकांना ऐकू येतं, त्यांचे कान यांच्याइतके गेलेले नाहीत. ते म्हणाले, "हां, येतोय की आवाज. बारीक घंट्या वाजतायत, अपने खजराना में गणपतीच्या बाहेर माळांवर टांगतात ना, तशा." अण्णांनी त्यांच्या ओठांकडे बघितलं. मग माझ्याकडे वळून विचारलं, "आवाज येतोय?" मी मान हलवली. होय. "इंजिनाचा?" मी पुन्हा मान हलवली.

त्यांनी हात उचलला आणि तो उलटसुलट करून बघितला, जसा काही हातच बिघडला असावा. काका चेष्टेनं म्हणाले, "काय मालोजी, म्हातारा झालास यार!" अण्णा हसले, चहा मागवला, काकांना कोपऱ्यापर्यंत सोडून आले. येऊन आईला एवढंच म्हणाले, "झालं. उरलेलाही गेला."

तू म्हणशील, टेम्पोची घरघर, ट्रक, हे तर त्यांना अजून येत असेल, मग कळत कसं नाही? येतं. पण जॉबर त्याला ऐकणं म्हणत नाही. ते छातीत हादरतं म्हणतात, म्हशीलासुद्धा कळतं. ऐकणं म्हणजे चाळिसांतला एक लंगडतोय हे ओळखणं, आणि ते ओळखायची एकच जागा त्यांना राहिली होती. तिथे मी त्यांना सांगितलं की इंजिन चालू आहे. माझ्या शब्दावर त्यांनी विश्वास ठेवला, कारण मी शिकलेली. त्यानंतर ते मशीनकडे गेले नाहीत. त्यावर आईनं क्रोशाचा रुमाल घातला आहे. सकाळी मिलच्या फाटकापाशी जुनी मंडळी जमतात, तिथे जाणं बंद केलं. मी काही बोलले की आता माझ्या ओठांकडेही बघत नाहीत. रोज मी ड्रॉवर उघडते, फोम दिसतो, बंद करते. रोज वाटतं आज सांगू. मग वाटतं, सांगितलं की ते पुन्हा तुझंच नाव घेणार. एवढं क्षुद्र कारण आहे, संहिता. मी पाच आठवडे शोधलं, याहून मोठं कारण सापडलं नाही.

मागच्या सोमवारी पिथमपूरहून एक गृहस्थ आले. तिकडे चादरी आणि टॉवेल विणायचा नवा कारखाना निघतोय, आणि त्यांनी बंद मिलमधलेच जुने साचे लिलावात घेतले आहेत. चोवीस साचे. बसवून झाले, पण चालवले की दर तासाला काहीतरी अडतं, आणि त्यांच्या इंजिनिअरांना कारण सापडत नाही. ते आईला सांगत होते, "तीन लोगों से पूछा, तीनों ने एक ही नाम लिया. बोले, मालोजी को बुलाओ, वो मशीन का पेट सुन लेता है." रंगपंचमी झाली की काम सुरू करायचं आहे, आठवड्याला चार दिवस, त्यांचीच बस न्यायला येणार. उत्तर गुरुवारपर्यंत हवं, म्हणजे परवा. आईनं सगळं अण्णांना खाणाखुणांनी, ओठांनी समजावलं. त्यांना पूर्ण कळलं. त्यांचा चेहरा असा काही उजळला की मला बघवेना, आणि मग तो हळूहळू विझला. ते म्हणाले, "बहिरा जॉबर कशाला हवा त्यांना? साच्यासमोर उभा राहीन आणि पोरं हसतील."

आणि काल संध्याकाळी त्यांनी मला बोलावलं. मला, तुला नाही. म्हणाले, "तुझं अक्षर चांगलं आहे. त्या साहेबांना हिंदीत लिहून दे. लिही, मालोजी जॉबरला आता ऐकू येत नाही, माफी असावी." आयुष्यात पहिल्यांदा माझ्या शिक्षणाचं काहीतरी त्यांना हवं होतं, आणि ते हे. मी लिहिलं. सुवाच्य लिहिलं, समास सोडून. त्यांनी खाली सही गिरवली. तो कागद आता माझ्या पर्समध्ये आहे, गुरुवारी कारखान्याच्या बसवाल्याकडे द्यायचा. रात्रभर मी तो कागद वाचत होते, कारण त्यातलं एक वाक्य खोटं आहे आणि ते मी लिहिलं आहे, आणि खाली सही अण्णांची आहे. म्हणून हे पत्र तुला. तुझ्याकडे माफी मागायची आहेच, पण खरं सांगायचं तर मला साक्षीदार हवा होता. चारला मुली येण्याआधी मी खाली उतरून हे पेटीत टाकणार, एकदा पेटीत पडलं की मला मागे फिरता येणार नाही. सहाला कार्ड घेऊन निघेन, घरी पोचेपर्यंत सात होतील. आज सात ते दहा आमच्याकडे लाईट नसते, अंधारात त्यांना माझे ओठ दिसणार नाहीत, म्हणून आज नाही. कार्ड बसवणं दहा मिनिटांचं काम आहे. पण आधी ते बसवलं आणि इंजिन वाजलं, तर अण्णा इतके खूश होतील की कोणी काही विचारणारच नाही, आणि मी सुटेन. म्हणून आधी सांगेन, तोंडासमोर उभं राहून, मी काय केलं ते सगळं. मग बसवेन. ते तुझं नाव घेतील. घेऊ देत. मला तेव्हाही जळायला होईल, तेही तुला लिहून ठेवते, पुन्हा दुरुस्ती करायला नको. उद्या सकाळी, अण्णांचा पहिला चहा व्हायच्या आत. बुधवार, सात मार्च.

तुझीच,
पद्मजा